द्वारकाकाकूच्या दारचा बैल

परवा नातीच्या शाळेतून निरोप आला, सोमवारी हस्तकलेचा नमुना घेऊन या. मी हौसेने जुन्या साड्यांचे काठ, घोटीव कागद, सुईदोरा असं सगळं काढून बसले. तर सूनबाई म्हणाली, "आई, कशाला पसारा काढता? चौकातल्या दुकानात तयार मिळतं. बाईंनीच दुकान सांगितलंय." म्हणजे बाई दुकान सांगणार, आई विकत आणणार, मुलगी नुसती हातात धरून नेणार आणि वर्गात टाळ्या मात्र तिच्या कलेला. माझं डोकं असं फिरलं, की रात्री जेवणात लक्ष लागलं नाही. सूनबाई म्हणते, एवढ्याशा गोष्टीवरून काय चिडायचं. तिचा दोष नाही. ती पुण्यात वाढली, तिने आमच्या सिंदीची द्वारकाकाकू पाहिलेली नाही.

मी लग्न होऊन पवनारहून सिंदीला आले तेव्हा सत्तरचं दशक नुकतंच लागलं होतं. सिंदी म्हणजे वर्ध्याकडचं सिंदी रेल्वे हे गाव. स्टेशन, कापसाचा बाजार, कापसातली सरकी काढायचं जिन आणि भोवती शेतं. आमची आणि काकूची भिंत एकच. काकू उंच, काटकुळी, आवाज असा की स्टेशनावरच्या भोंग्याने लाजावं. खांद्यावरच्या पदराला कायम एक सुई खोचलेली आणि तिच्यात दोरा ओवलेला. कोणाचं लेकरू लाडाने गळ्यात पडायला आलं, की ती आधी ओरडायची, "सुई हाय, बाप्पा, सुई हाय," आणि मग जवळ घ्यायची. गल्लीतली पोरं त्यामुळे काकूला उजव्या बाजूनेच बिलगायला शिकली होती.

तिचे यजमान बापूराव जिनात कामाला होते. संध्याकाळी घरी यायचे ते अंगभर कापसाचे तंतू घेऊन. काकू त्यांना दारातच उभं करायची आणि सदऱ्यावरचा, केसांतला, कानामागचा कापूस वेचून एका मडक्यात टाकायची. त्या कापसाने ती चिंध्यांच्या बाहुल्या भरायची. गल्लीतल्या बायका हसायच्या, म्हणायच्या, काकू नवरा झटकते आणि बाहुली भरते. बापूराव स्वतःही हसायचे. फार मऊ माणूस. त्या घरातला सगळा राग काकूच्या वाट्याला आला होता, त्यांना काही उरलंच नव्हतं.

काकूला राग कशाचा यायचा हे सांगायला बसले तर दिवस पुरणार नाही. शिंपी कापड वाया घालवतो त्याचा राग. फाटलेलं पोलकं टाकून देतात त्याचा राग. खळीत मोरचूद न घालता कागदाची फुलं चिकटवतात आणि मग झुरळं खातात म्हणून रडतात, त्याचा राग. पण सगळ्यांत मोठा राग आयांवर. लेकराच्या हातातून सुई ओढून "आण इकडे, मी करून देते" म्हणणाऱ्या आईवर काकू अशी तुटून पडायची, की ती बाई पुन्हा काकूच्या छपरीत पाऊल टाकायला धजायची नाही. छपरी म्हणजे आमच्याकडची पुढची ओसरी. नागपंचमी झाली की त्या छपरीत पोरं जमायची. कोणी बोलावत नसे, वर्ग वगैरे नव्हता. स्टेशन रस्त्यावरच्या शिंप्याकडून आणलेल्या चिंध्यांचं गाठोडं मध्ये टाकायचं, पतंगी कागद टाकायचे आणि काकू भिंतीला टेकून बसायची. स्वतः टाका घालायची नाही. नुसती बघायची आणि म्हणायची, "उसव."

दुसऱ्या बाया जशा "ये, बस" म्हणतात तसं ती "उसव" म्हणायची. एखादी पोरगी रडकुंडीला यायची. मग काकू म्हणायची, "उसवाले लाज कायची वो? तुले चूक दिसली म्हंजे तुले समजून राह्यलं." तिचे तिन्ही मुलगे शर्टाची बटणं स्वतः लावायचे, काजंसुद्धा करायचे. गावात त्यांची टिंगल व्हायची. कोणीतरी काकूला म्हणालं, पोरांना बायकी कामं कशाला लावता? काकू कडाडली, "शर्ट त्यायचा, छाती त्यायची, तं सुई काय माई एकटीची हाय?" त्या माणसाच्याच शर्टाला त्या दिवशी वरचं बटण नव्हतं, ते तिने जाता जाता दाखवून दिलं.

तिच्याकडे दोन कात्र्या होत्या, एक कापडाची आणि एक कागदाची. कापडाच्या कात्रीच्या मुठीला हिरवी चिंधी गुंडाळलेली. कागद कापला की कापडाच्या कात्रीची धार जाते, हे शिवणाऱ्या सगळ्यांना माहीत असतं. काकूच्या लेखी ते पाप होतं. माझ्या थोरल्याचा पहिला वाढदिवस होता. आमच्या ह्यांना हौस भारी. म्हणाले, नागपूरहून चकचकीत टोप्या आणतो, फुगे आणतो. भिंतीपलीकडून आवाज आला, "नागपूरची टोपी कायले? तुमच्या पोराले टोपीचं काय समजते? टोपी बनवन्यात मजा असते, घालन्यात काय हाय?" आणि दुसऱ्या दिवशी ती कागद आणि खळीचं भांडं घेऊन आमच्या अंगणात हजर.

वाढदिवसाला बोलावलेली पोरं लाडू-चिवड्याच्या आशेने आली होती. काकूने त्यांना ओळीने बसवलं आणि सांगितलं, आपली टोपी आपण करायची, टोपी झाली की ताट. झालं. सगळं अंगण खळीने चिकट. कोणाची टोपी नाकापर्यंत, कोणाची शेंडीवर अडकलेली. एका बाईंच्या मुलीने नागपूरचा नवा फ्रॉक घातला होता, त्याला खळ लागली, तर त्या बाई तणतणत निघूनच गेल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण ती फ्रॉकवाली मुलगी जायला तयार नव्हती. टोपी अर्धी राहिली म्हणून ती रस्ताभर भोकाड पसरून गेली. ह्यांना वाटलं आपणही मदत करावी. त्यांनी हाताला लागली ती कात्री घेतली आणि ऐटीत पताका कापायला लागले. मुठीला हिरवी चिंधी.

काकूने ते पाहिलं. ती ह्यांच्याजवळ आली, कात्री काढून घेतली, पात्यावरून अंगठा फिरवला आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "तुमी तं शिकले-सवरले हाय." एवढंच. हे दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळही न करता धार लावणाऱ्याला शोधायला निघाले. पुढे आयुष्यभर घरातली कुठलीही कात्री उचलण्याआधी हे मला विचारायचे, "ही कशाची?"

लग्नसराईत काकूचा पारा वेगळाच चढायचा. लग्नात रुखवत मांडतात. नवरीने स्वतःच्या हाताने केलेल्या वस्तू म्हणून मांडतात. खरं तर त्यातलं निम्मं मावशीने केलेलं, निम्मं मामीकडून उसनं आणलेलं, आणि वर पाटी, नवरीची कला. हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि सगळे माना डोलावतात. स्टेशनाजवळच्या एक बाई काकूकडे आल्या, म्हणाल्या, "आमच्या शोभीसाठी कापसाचा राजहंस करून द्या, तुमच्या हातचा." काकू म्हणाली, "शोभीले पाठवा." शोभी आली. तिच्या बोटांत कला नव्हती, हे काकूला पहिल्या दिवशी कळलं असणार. तरी बसवलं, उसवायला लावलं, पुन्हा करायला लावलं. लग्नात रुखवतात जो राजहंस मांडला होता तो डोक्यापासून शेपटीपर्यंत कोंबडी दिसत होता. वरपक्षाकडची एक म्हातारी कौतुकाने म्हणाली, कोंबडी छान झाली आहे. शोभीच्या आईने काकूकडे असं पाहिलं, की दुसरी असती तर जेवणाच्या पंगतीतून उठून गेली असती. काकू जिलबी वाढून घेत म्हणाली, "कोंबडी तं कोंबडी. तिची हाय."

आता तान्ह्या पोळ्याचं सांगते, आणि इथून पुढे मला शांतपणे सांगता येईल असं वाटत नाही.

इकडे पुण्यातल्या लोकांना समजावून सांगावं लागतं. आमच्याकडे पोळ्याला खऱ्या बैलांची पूजा होते आणि दुसऱ्या दिवशी पोरांच्या लाकडी बैलांची. तो तान्हा पोळा. चाकं लावलेले लाकडी बैल, शिंगांना बेगड, गळ्यात कागदी फुलांच्या माळा, पाठीवर शिवलेली झूल. पोरं ते दोरीने ओढत मैदानात नेतात, आंब्याच्या पानांच्या तोरणाखाली रांगेत उभे करतात. तोरण तोडलं की तेच बैल घेऊन घरोघर जातात. घरातल्या बाईने बैलाचे पाय धुवायचे, कुंकू लावायचं, ओवाळायचं आणि पोराच्या हातावर काहीतरी ठेवायचं. त्याला बोजारा म्हणतात. काकूचा बोजारा म्हणजे एक लाडू आणि तिच्या हातचं कागदाचं भिरभिरं. वारा नसला तरी फिरायचं ते. त्या भिरभिऱ्यासाठी अख्ख्या गावातली पोरं आमच्या गल्लीत यायची.

पण काकूच्या दारात आधी परीक्षा असायची. बैल समोर उभा राहिला की ती म्हणायची, "झूल पलटव." पोराने झूल उलटी करून दाखवायची. ती मागच्या गाठी बघायची आणि विचारायची, "कोनं शिवली?" पोराने स्वतः शिवली असेल, मग ती कितीही वाकडीतिकडी असो, काकू बैलाचे पाय असे धुवायची जसा खरा बैल दिवसभर नांगर ओढून आला आहे. आईने शिवली असेल तर म्हणायची, "मंग मायले पाठव, तिले ओवाळतो." आया चिडायच्या. पण पोरं चिडायची नाहीत, पुढच्या श्रावणात छपरीत येऊन बसायची. म्हणून मला वाटतं ती बरोबर होती.

नामदेवची मंदा अशीच छपरीत आलेली. दहा-अकरा वर्षांची, सावळी, बोलायची कमी. नामदेव भाजीपाल्याची वाडी करायचा, पण वाडी त्याची नव्हती. जिनाच्या मालकांची होती, त्यांच्या विहिरीवरची, आणि हा ती बटईने, निम्मं पीक मालकांना देऊन, करायचा. बापूराव नोकरीला त्याच मालकांच्या जिनात. हे लक्षात ठेवा, कारण पुढे सगळे तेच लक्षात ठेवून वागले. मंदाच्या बोटांत मात्र देवाने काहीतरी घातलं होतं. काकू तिला "उसव" म्हणायची, पण म्हणताना आवाज खाली यायचा. त्या वर्षी मंदाने हळूच विचारलं, "काकू, मी बैल धरू का रांगेत?" तोरणाखाली तेव्हा फक्त मुलगे उभे राहायचे. मुलींनी कडेला उभं राहून बघायचं. काकू म्हणाली, "सरकी टोबाले बाया लागते, निंदाले बाया लागते, कापूस वेचाले बाया लागते. अन् बैल धराले पोट्टेच काऊन? तू झूल शिव. मी येतो तुयासंग, पाह्यतो कोन हटवते तं."

मंदाने सगळा श्रावण ती झूल शिवली. वांगी रंगाच्या जुन्या लुगड्याचा तुकडा, त्यावर पिवळ्या दोऱ्याने पराटीची फुलं. पराटी म्हणजे कपाशीचं झाड. बाकीची पोरं मोर काढायची, कमळ काढायची. आमच्या भोवती मैलोन्‌मैल फुलणारं पराटीचं फूल कोणाला सुचलं नव्हतं, ते त्या पोरीला सुचलं. शेवटच्या कोपऱ्यात हिरवा दोरा संपला, म्हणून एक पान निळं केलं. काकूने ते पान बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "राहू दे." राहू दे म्हणताना मी तिला पहिल्यांदा ऐकलं. काकूच्या मुलांचा एक जुना बैल होता, एक कान तुटलेला, तो मंदाला द्यायचं ठरलं.

जिनाच्या मालकीणबाईही त्याच महिन्यात काकूकडे येऊन गेल्या होत्या. त्यांच्या मुलाच्या, राजूच्या बैलासाठी झूल शिवून हवी होती. काकूने नेहमीचं उत्तर दिलं, राजूला पाठवा. राजू आला, दोन-तीन दिवस बसला. चांगला पोरगा होता, बोटाला सुई टोचली तरी हसला. मग यायचा थांबला. "आमचा मुलगा काय शिंपी होणार आहे?" असं मालकीणबाई म्हणाल्याचं गावभर झालं.

तान्ह्या पोळ्याच्या सकाळी काकू नवं लुगडं नेसून छपरीत बसली होती. शेजारी एककानी बैल, शिंगांना बेगड लावलेला. मंदा आली नाही. काकूने दोनदा नाक्यापर्यंत जाऊन पाहिलं. तोरण तुटल्याचा गलका मैदानातून ऐकू आला, तरी मंदा नाही. ताप आला असेल असं आम्हाला वाटलं. दुपारी पोरं बैल घेऊन गल्लीत शिरली, आणि त्यांत राजूचा बैल, सागवानी, गळ्यात पितळी घंटा. काकू म्हणाली, "झूल पलटव." राजूने पलटवली. वांगी रंग, पिवळी फुलं आणि कोपऱ्यात ते निळं पान.

"कोनं शिवली?"

"आईनं दिली," राजू म्हणाला.

काकू पोरावर रागावली नाही. त्याला लाडू दिला, भिरभिरं दिलं. मग बैल उचलला, आत नेला आणि देवापाशी ठेवला. बाहेर येऊन म्हणाली, "मायले जाऊन सांग, बैल काकूपाशी हाय. झूल कोनं शिवली ते चार लोकांत सांगा अन् बैल घेऊन जा."

पोळ्याच्या दिवशी कोणाचा बैल अडवून ठेवणं ही आमच्याकडे साधी गोष्ट नव्हे. त्या दिवशी बैल म्हणजे देव. तो न ओवाळता, न परतता दुसऱ्याच्या घरात राहिला तर घरादाराला अपशकुन. बघता बघता आमच्या दारांपुढे गर्दी झाली. मालकीणबाई आल्या. बापूरावांना कोणीतरी मैदानातून बोलावून आणलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"देऊन टाक ना वो," ते म्हणाले. "आपल्याले काय करा लागते?"

"देतो ना. मी कुठं ठेवून घेतो? यायनं म्हनावं, मंदीनं शिवली. दोन शब्द हाय."

मालकीणबाई म्हणाल्या, "नामदेवनं स्वतः आणून दिली आहे. विचारा त्याला." त्यांनी मंदाचं नावसुद्धा घेतलं नाही. नाव घेतलं असतं तर काय झिजलं असतं त्यांचं? मालकांच्या वाड्यावर दहा झुली शिवून घेण्याइतकं कापड पडून असायचं. मागितली असती तर पोरीने आनंदाने दिली असती, आणि राजूने रांगेत सांगितलं असतं की मंदाने शिवली, तर गावाने दोघांचंही कौतुक केलं असतं. पण नाही. वस्तू पाहिजे, ती करणारी नको.

नामदेव गर्दीतून पुढे आला. हातात टोपी. "जाऊ द्या ना काकू," तो म्हणाला. "म्या दिली. आमच्या मर्जीनं दिली. पोरीच्या जातीले झूल कायले पाह्यजे?"

"तुले नाई विचारत मी," काकू म्हणाली. "मंदे, इकडं ये."

मंदा बापाच्या मागेच होती. डोळे सुजलेले. काकू तिच्यासमोर खाली बसली आणि रोज विचारायची तसंच विचारलं, "सांग बापा, कोनं शिवली?"

पोरीने बापाकडे पाहिलं. बापाने खाली पाहिलं. मालकीणबाई तिच्याकडे बघत होत्या, गल्लीतल्या सगळ्या बाया बघत होत्या, ज्यांनी त्या पोरीला महिनाभर छपरीत मान खाली घालून शिवताना पाहिलं होतं.

"राजूनं," मंदा म्हणाली.

कोणीतरी हसलं. मला तो हसणारा माणूस माहीत आहे, आज तो हयात नाही, तरी त्याच्यावरचा माझा राग गेलेला नाही. काकू उठली. आतून बैल आणला, चौकटीत ठेवला, त्याचे पाय धुतले, कुंकू लावलं, ओवाळलं आणि दोरी राजूच्या हातात दिली. मालकीणबाई म्हणाल्या, "उगीच सणाच्या दिवशी तमाशा." आणि लोकांनी माना डोलावल्या.

संध्याकाळी मी भिंतीपलीकडे गेले. काकू कापसाच्या मडक्याजवळ बसली होती. मी म्हटलं, मंदाने असं कसं केलं. तर ती माझ्यावरच उसळली. "त्या पोरीले नाव नको ठेवू. तिनं बापाची वाडी वाचवली. दहा वर्साच्या लेकराले खोटं बोलाले लावते अन् मोठ्ठे मानसं उभे राहून पाह्यते. थू." ती खरंच अंगणात थुंकली. मग तिने मडकं बाजूला सरकवलं आणि हात मांडीवर ठेवले. पोरं समोर नसताना तिचे हात रिकामे असे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले.

बापूरावांची नोकरी गेली नाही. उलट मालकीणबाईंनी फराळाचं ताट पाठवलं, आमच्या मनात काही नाही म्हणून. काय पण मोठं मन. काकूने ते ताट दारातल्या गाईपुढे सरकवलं.

दुसऱ्या वर्षी पोरं बैल घेऊन आली. काकूने पाय धुतले, ओवाळलं, लाडू दिला, भिरभिरं दिलं. झूल पलटवायला सांगितली नाही. कोणी शिवली ते विचारलं नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. कोणी झूल शिवून मागितली तर ती शिवून द्यायला लागली. रुखवतासाठी राजहंस मागितला तर असा राजहंस करून द्यायची, की आता उडेल. नवरीच्या नावाच्या पाट्यांखाली तिचे राजहंस मांडले जायचे. गाव खूश. बायका म्हणायच्या, काकू सुधारली हो, किती गोड झाली आता. सुधारली म्हणे. एका धगधगत्या बाईला तुम्ही विझवलं आणि तुमच्या झुली फुकटात शिवून मिळायला लागल्या, याला तुम्ही सुधारणं म्हणता. छपरीतली पोरं हळूहळू येईनाशी झाली, कारण करून मिळत असताना उसवत कोण बसणार. त्या छपरीतून "उसव" हा शब्द पुन्हा ऐकू आला नाही, आणि ते कोणाच्या ध्यानातही आलं नाही.

पुढे ह्यांची बदली वर्ध्याला झाली. पोळ्याला मात्र आम्ही सिंदीला जायचोच. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावरचं असेल. बापूराव जाऊन दोन वर्षं झाली होती. काकू वाकली होती, डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागला होता. तान्ह्या पोळ्याच्या दुपारी मी तिच्या छपरीत बसले होते. नागपूरहून आलेल्या तयार झुली, सगळ्या सारख्या, चमचमणाऱ्या, एकामागून एक दारात येत होत्या आणि काकू अंदाजानेच कुंकू लावत होती. रांगेत आता मुलीही असायच्या. बैल धरू का, असं पहिल्यांदा कोणी विचारलं होतं ते कोणालाच आठवत नव्हतं.

एक छोटा बैल दारात थांबला. दोरी धरलेली पाच-सहा वर्षांची मुलगी, तिच्यामागे मंदा. मंदाला रोहणा गावी दिलं होतं, पोळ्यासाठी माहेरी आली होती. नातीसोबत म्हातारा नामदेवही होता. काकूने तांब्या उचलला आणि बैलाच्या पायांवर पाणी घालायला वाकली.

"काकू, विचारा ना," मंदा म्हणाली.

काकूचा हात थांबला. "काय विचारू?"

"तुमी विचारत होत्या ते."

काकूने तांब्या खाली ठेवला. झूल हातात घेतली, डोळ्यांना दिसत नव्हतं म्हणून उलट्या बाजूने बोटं फिरवली. जाडजूड गाठी, वाकडे टाके. मुलीला विचारलं, "कोनं शिवली?"

"म्या," मुलगी म्हणाली. मग आईकडे बघून म्हणाली, "हा टाका आईनं घातला."

"मंग उसव तो," काकू म्हणाली. "अन् मंदे, तुले शरम नाई? पोरीच्या कामात हात घालतं?"

मंदा हसली आणि हसता हसता रडायला लागली. "काकू," ती म्हणाली, "त्या वर्सीची झूल म्या शिवलती."

"मले काऊन सांगून राह्यली?" काकूचा आवाज चढला, इतक्या वर्षांनी चढला, पलीकडच्या दोन घरांतल्या बाया बाहेर आल्या. "मले ठाव हाय. तिकडं तोंड कर अन् सांग."

मंदा वळली. रस्त्यावर पोरं होती, त्यांच्या आया होत्या, सायकल थांबवून उभा राहिलेला एक माणूस होता. मंदाने पदर सारखा केला आणि म्हणाली, "राजूच्या बैलाची वांगी झूल म्या शिवलती. पराटीच्या फुलाची. राजूनं नाई, म्या."

निम्म्या लोकांना ती काय बोलते ते कळलंही नसेल. नामदेव नातीच्या बैलाची दोरी बोटाला गुंडाळत होता. "मले तवाच ठाव होतं पोरी," तो म्हणाला.

"ठाव होतं तं एवढे वर्स तोंडात काय लाडू होता?" काकू म्हणाली.

काकूने तांब्या पुन्हा उचलला, बैलाचे चारही पाय धुतले, कुंकू लावलं आणि ओवाळायला ताट घेतलं. ताट थरथरत होतं. बाहेरच्या बाया म्हणाल्या, म्हातारीचे हात आता राहिले नाहीत. ती काकूची आणि माझी शेवटची भेट. मी तिच्याजवळ उभी होते आणि तिला ओळखत होते. तिचे हात वयाने थरथरत नव्हते, रागाने थरथरत होते.